सायनाइडने सगळे एसओडी बंद पडतात, हे वाक्य वहीतून खोडा

तुम्ही विचारलंय की वेगवेगळ्या सजीवांत कोणते अँटिऑक्सिडंट एन्झाइम (पेशीतली ऑक्सिजनची घातक रूपं निकामी करणारे) असतात आणि कोणत्या इन्हिबिटरने, म्हणजे एन्झाइमचं काम रोखणाऱ्या पदार्थाने, कोणता बंद पडतो. त्यातला एक एसओडी, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज. तुमच्या नोट्समध्ये "सायनाइड एसओडीला रोखतं" एवढंच आहे. हे अर्धं वाक्य आहे. याच अर्ध्या वाक्यापायी माझ्या प्रोजेक्टचे मार्क गेले, म्हणून लिहिते आहे.

2006 ची गोष्ट. दारव्हा तालुक्यात आमचं कोरडवाहू वावर, कपाशीत तुरीच्या ओळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी पाण्याचा ताण बसलेल्या तुरीची पानं घेतली. बाबा धुऱ्यावरून ओरडायचे, "कायले पानं तोडतं वं? शेंगा तं लागू दे!" थर्मासात बर्फ, बर्फात पानं, आणि पहाटेची एसटी. पानांच्या अर्कातली प्रथिनं विजेने जेलवर वेगळी करायची, म्हणून लोडशेडिंगच्या वेळा पाहून जेल लावायची. दोनदा अर्ध्यातच लाइन गेली आणि पुन्हा गावाकडून पानं आणावी लागली.

ही जेल एनबीटी-रायबोफ्लेविन या रंग आणणाऱ्या द्रावणात भिजवून उजेडात ठेवली की जांभळी होते, जिथे एसओडी आहे तिथेच पांढरी पट्टी राहते. माझ्या साध्या जेलवर चार पट्ट्या आल्या: वर एक, मध्ये एक, खाली दोन. दुसरी जेल आधी 3 मिलिमोलर पोटॅशियम सायनाइडमध्ये ठेवली, तर खालच्या दोन गेल्या. तिसरी 5 मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवली, तर मधलीही गेली आणि फक्त वरची उरली. एसओडीच्या पोटात धातू असतो. तांबे-जस्ताचा, लोहाचा आणि मँगनीजचा या तिघांपैकी सायनाइड फक्त तांबे-जस्ताच्याला रोखतं, पेरॉक्साइड लोहाच्यालाही, मँगनीजच्याला दोन्ही नाही. म्हणजे खालच्या तांबे-जस्ताच्या, मधली लोहाची, वरची मँगनीजची. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "सायनाइडनंतर पट्टी उरेलच कशी? द्रावण जुनं असेल तुझं." गाइड गप्प, मीही गप्प. द्रावण जुनं असतं तर त्याच ट्रेमध्ये, त्याच जेलवरच्या खालच्या दोन पट्ट्या कशा गेल्या? हे वाक्य मला परतीच्या एसटीत, नेर मागे पडल्यावर सुचलं. रात्री बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मंग बोलली काऊन नाई?"

चूक कुठून आली तेही सांगते. 1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी हा एन्झाइम ओळखला तो गाईच्या रक्तपेशींतून, आणि तो तांबे-जस्ताचा होता. सायनाइड तांब्याला धरून बसतं, म्हणून तो बंद पडतो. लगेच 1970 मध्ये ई. कोलाय या जिवाणूमध्ये मँगनीजचा सापडला, 1973 मध्ये लोहाचा. या दोघांवर सायनाइड चालत नाही. 1996 मध्ये स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूमध्ये निकेलचा मिळाला. त्याला मात्र सायनाइडही रोखतं आणि पेरॉक्साइडही. माणसात तांबे-जस्ताचा पेशीद्रवात आणि पेशीबाहेर, मँगनीजचा मायटोकॉन्ड्रियात. लोहाचा आपल्यात नाहीच. वनस्पतींत तो मुख्यतः क्लोरोप्लास्टमध्ये सापडतो.

पेरॉक्साइड फोडणाऱ्या कॅटॅलेज एन्झाइमचंही तसंच. हीमवाला (लोह असलेला हीम गट पोटात असलेला) नेहमीचा कॅटॅलेज सायनाइड आणि अझाइडने थांबतो. अमिनोट्रायझोलनेही थांबतो, पण पेरॉक्साइड हजर असेल तरच, आणि हे कोणी शिकवत नाही. काही लॅक्टोबॅसिलस जिवाणूंमध्ये मँगनीजचा कॅटॅलेज असतो, त्याच्यापुढे अझाइडचं काही चालत नाही. पानातला अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज (अॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्व, वापरून पेरॉक्साइड संपवणारा) सायनाइड-अझाइडने बंद पडतो, अमिनोट्रायझोलने नाही, त्यामुळे एकाच अर्कात तो आणि कॅटॅलेज वेगळे ओळखता येतात. मात्र बफरमध्ये अॅस्कॉर्बेट घातलं नाही तर तो इन्हिबिटरशिवायच मरतो, आणि मुलं लिहून मोकळी होतात की या पानात तो नाही. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचा सेलेनियमवाला प्रकार प्राण्यांत असतो आणि त्याला मर्कॅप्टोसक्सिनेट रोखतं. ग्लुटाथायोन रिडक्टेजवर मी काम केलेलं नाही, ते दुसऱ्या कोणाला विचारा.

तक्ता पाठ करू नका. एन्झाइमच्या पोटात कोणता धातू आहे ते आधी लिहा, इन्हिबिटर बहुतेक वेळा पुढे आपोआप येतो. आणि व्हायव्हाला कोणी म्हणालंच की द्रावण जुनं आहे, तर त्याच जेलवरची गेलेली पट्टी दाखवा. तिथेच दाखवा, घरी जाताना नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. पेरॉक्साइड जास्त तीव्र झालं तर वरची पट्टीही फिकी पडते, तेव्हा प्रमाण सांभाळा. आणि पोटॅशियम सायनाइड 7.8 पीएचच्या बफरमध्ये टाकलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. आमच्याकडे फ्यूमहूड (वायू बाहेर खेचून नेणारी बंदिस्त कामाची जागा) नव्हता, मी खिडकी उघडी ठेवून केलं. तुम्ही तसं करू नका. फ्यूमहूड नसेल तर फक्त पेरॉक्साइडची जेल करा. मँगनीजचा तेवढ्यावरही वेगळा दिसतो.