व्हीएस कोडमध्ये क्विस्किटच्या इम्पोर्टखाली नागमोडी रेघ, पण प्रोग्राम चालतोय?

घाबरू नका. क्विस्किट म्हणजे क्वांटम सर्किटं लिहायची पायथन लायब्ररी. तिच्यात बेल स्टेट (दोन गुंतलेल्या क्यूबिटचं साधं सर्किट) चालवून 00 आणि 11 साधारण निम्मे-निम्मे येतायत ना? मग सर्किट बरोबर आहे, गोंधळ एडिटरचा आहे. व्हीएस कोडमधलं पायलान्स (कोड तपासून रेघा मारणारं एक्स्टेंशन) कोड चालवत नाही, नुसतं वाचतं, आणि तेही खाली उजवीकडे दिसणाऱ्या पायथनच्या भरवशावर. क्विस्किट वेगळ्या व्हेन्वमध्ये (प्रोजेक्टपुरत्या स्वतंत्र पायथन वातावरणात) असेल तर त्याला ते सापडतच नाही. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’मधून तोच व्हेन्व निवडा. बहुतेकदा इथेच काम होतं.

सुरुवातीला हे टाळा:
- क्विस्किट पुन्हापुन्हा इन्स्टॉल करणं.
- वैतागून तपासणीच बंद करणं. मग खरी चूकही दिसत नाही.

‘एक्झिक्यूट’ या सर्किट चालवायच्या जुन्या फंक्शनच्या इम्पोर्टखालची रेघ मात्र खरी असते, 2024 च्या क्विस्किट 1.0 आवृत्तीत ते काढून टाकलंय. ते वापरणारं जुनं ट्युटोरियल सोडा. टाइप-चेकिंगच्या सेटिंग्ज आत्ता नकोत, आधी चार सर्किटं करून बघा.