डब्याचं झाकण

‘त्याचं हे वर्ष माझ्या हातून निसटलं, मॅडम.’

हे वाक्य मी समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की समोरची बाई पर्समध्ये रुमाल शोधायला लागली की मला कळतं, आता हेच येणार. मुलाचा दुसरा, तिसरा, चौथा वाढदिवस जवळ आला की अशा भेटी वाढतात. कुणी दुकान सांभाळणारी, कुणी शिफ्टमध्ये काम करणारी नर्स, कुणी मूल वर्षाचं असताना स्पर्धा परीक्षेचा क्लास लावलेली. (बाबा मंडळी हे वाक्य क्वचितच म्हणतात. त्यावर एकदा सविस्तर लिहायचंय, आज नको.) काळजी सगळ्यांची एकच. मूल वाढलं, पण माझ्यासमोर नाही वाढलं. आता ते माझं राहील ना?

मृणालची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत आणि लिहायची परवानगी तिनंच दिली आहे.

मृणाल डोंबिवलीची. घरात नवरा, सासूबाई आणि मुलगा ओजस. ओजस दोन वर्षांचा झाल्यावर जूनमध्ये तिनं पुन्हा नोकरी धरली. सकाळी पावणेआठची लोकल, परत यायला संध्याकाळचे साडेसात-आठ. दिवसभर ओजस सासूबाईंकडे. बरं चाललंय असं तिला वाटत होतं. मग एप्रिलमधल्या तिसऱ्या वाढदिवसासाठी वर्षभराच्या फोटोंचा व्हिडिओ करायला ती एका रात्री बसली. तीनचाकीवर पहिल्यांदा पाय मारला, तो फोटो सासूबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. स्वतःहून ‘शी आली’ म्हणाला त्या दुपारचा फोटोही त्यांचाच. बालवाडीचा पहिला दिवस नवऱ्याच्या मोबाईलमधला. तिनं स्वतः काढलेले बहुतेक फोटो ओजस झोपलेला असतानाचे होते.

‘मी झोपलेल्या मुलाची आई आहे,’ ती म्हणाली.

वर आणखी एक बोच होती. ती घरात पाऊल टाकायची आणि ओजसचा थयथयाट सुरू व्हायचा. पाणी दिलं तर दूध हवं, दूध दिलं तर ‘हा कप नको’, आणि मग जमिनीवर लोळण. सासूबाई सहज म्हणायच्या, ‘दिवसभर देवासारखा असतो गं. तू आलीस की काय होतं त्याला, कोण जाणे.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण वाक्य रुतायचं तिथे रुतलं होतं.

इथे माझी एक चूक कबूल करते. मृणालचा अपराधीपणा पाहून मी पहिल्याच भेटीत हातखंडा सल्ला देऊन टाकला. घरी आल्यावर अर्धा तास फक्त त्याला द्या. मृणाल अकाउंट्समध्ये काम करते. तिनं त्या अर्ध्या तासाचं वेळापत्रक केलं. सोमवारी गोष्ट, मंगळवारी रंग, बुधवारी चित्रांची कार्डं. मंगळवारी ओजसनं रंगाची वाटी तिच्या ओढणीवर पालथी केली. दुसऱ्या भेटीत ती जास्तच खचून आली, आणि दोष माझा होता. वर्ष भरून काढायला निघालेल्या आईच्या हाती मी आणखी एक काम दिलं होतं.

मग मी वेगळं काहीतरी मागितलं. एक वही करा, आणि ओजसबद्दल फक्त तुम्हालाच माहीत आहे असं काहीही त्यात लिहा. तिनं वही आणली, ती कोरी होती.

‘मला काही माहीतच नाही, मॅडम. जे आहे ते आईंना माहीत आहे. आणि प्लीज, मला अहो-जाहो नका करू.’

‘बरं. मग सकाळी तू निघतेस तेव्हा काय होतं, एवढंच सांग.’

‘काही नाही. गोंधळ.’

‘कसला?’

‘झाकण शोधायचा.’

डब्याचं झाकण. स्टीलचा दोन पुडांचा डबा, भाजी वरच्या पुडात, आणि ऐन निघायच्या वेळी वरचं झाकण गायब. चपलांच्या कपाटात, वॉशिंग मशीनमध्ये, एकदा तर देवघरातल्या गणपतीच्या मागे. दिवाळीपासून हे चालू होतं. वैतागून तिनं दुसरा डबा आणला. ओजसनं चार दिवस त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी त्याचंही झाकण नाहीसं.

‘आणि रविवारी?’ मी विचारलं.

‘रविवारी कशाला लपवेल? रविवारी मी डबा…’

ती थांबली. माझ्या खोलीतला पंखा जुना आहे, कुरकुरतो. बराच वेळ तेवढाच आवाज होता.

‘शुक्रवारी मी घरून काम करते,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘शुक्रवारीपण झाकण जागेवर असतं.’

मी काही बोलले नाही. आमच्या कामात बोलण्यापेक्षा न बोलणं शिकायला जास्त वर्षं लागतात, आणि त्या दिवशी मला ते जमलं याचं मला अजून बरं वाटतं.

‘म्हणजे त्याला कळलंय. डब्याशिवाय मी जात नाही, हे त्याला कळलंय.’

आणि मग जी बाई ‘मला काही माहीत नाही’ म्हणत होती ती पाऊण तास बोलत राहिली. जूनमध्ये तो पायाला मिठी मारायचा, लिफ्टचं दार बंद होईपर्यंत रडणं ऐकू यायचं. गणपतीच्या सुमारास रडणं कमी झालं, तो गॅलरीच्या जाळीला नाक लावून उभा राहायला लागला, खालून हात केला की आधी डावा हात हलवायचा. दिवाळीनंतर झाकण. जानेवारीत झाकण सापडलं की हसायला लागला, म्हणजे आता ती गंमतही झाली होती. आणि गेल्या महिन्यात त्यानं चक्क सौदा केला होता. ‘झाकण देतो. तू लवकर ये. बिस्कीट आण.’

वही कोरीच होती. पण पायाला मिठी मारणारं दोन वर्षांचं मूल तीन वर्षांचं होताना आईशी वाटाघाटी करायला कसं लागतं, हे तिनं दिवसागणिक पाहिलं होतं, सात ते सव्वासातच्या दरम्यान, एक डोळा घड्याळाकडे ठेवून. त्या वेळेला ती ‘गोंधळ’ म्हणत होती, म्हणून तो हिशेबात धरलाच नव्हता.

मी आईमुलाच्या नात्याकडे जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाच्या नजरेनं बघते, हे माझ्याकडे येणाऱ्यांना माहीत आहे. बोल्बींचं एक निरीक्षण मला फार उपयोगी पडतं. तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास मुलाला उमजायला लागतं की आईचेही स्वतःचे काही बेत असतात, आणि रडून नाही तर बोलून, सौदा करून ते थोडे बदलता येतात. ओजसचं बिस्कीट म्हणजे तेच. त्यांच्याबरोबर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ 1954-55 मध्ये युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत 26 कुटुंबांतल्या 28 बाळांकडे घरोघर जात होत्या. आया मळ्यात राबायच्या, बाळं घरातली इतर माणसंही सांभाळायची. त्यात एन्सवर्थबाईंना दिसलं की ज्या आया आपल्या बाळाच्या बारीकसारीक गोष्टी न विचारता भरभरून सांगायच्या, त्यांची बाळं बहुधा निर्धास्त असायची. वेळ हा मुद्दाच नाही, असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हणणार नाही. पण डावा हात आधी हलतो हे ठाऊक असलेली आई मला पुरेशी जवळची वाटते.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या जरा ताठच बसल्या होत्या, आपली तक्रार झाली असावी या समजुतीनं. झाकणाचा विषय निघाल्यावर मात्र खुलल्या.

‘अहो, साडेसहाला दिवा लावला की तो दाराशी जाऊन बसतो. लिफ्टचा आवाज झाला की म्हणतो, आई. शेजारचे जोशी निघाले की तोंड पाडतो.’

मृणालनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. ‘आई, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही.’

‘तुला आणखी वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं गं.’

एकाच घरात राहून सासूबाईंनी ही एकच गोष्ट मृणालपासून लपवली होती, आणि ती सांगितली असती तर दोघींचंही ओझं उतरलं असतं. असं घरोघरी पाहते मी.

आता संध्याकाळच्या थयथयाटाचं. दिवसभर शहाण्यासारखं वागायला तीन वर्षांच्या मुलाला फार बळ लागतं. ते बळ तो आजीपाशी, बालवाडीत धरून ठेवतो आणि जिथे सांडलं तरी चालेल तिथे सांडतो. तुम्ही नाही का, ऑफिसात सगळ्यांशी गोड बोलून घरी आल्यावर नवऱ्यावर खेकसत? एन्सवर्थबाईंनी पुढे अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये जे प्रयोग केले (आई मुलाला खोलीत ठेवून थोडा वेळ बाहेर जायची आणि परत यायची), त्यातही आई गेल्यावर मूल किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते तिच्याशी कसं वागलं, याला जास्त महत्त्व होतं. म्हणून मृणालला सांगितलं, वेळापत्रक फाडून टाक. आलीस की पिशवी टाक आणि दहा मिनिटं फरशीवर बस. ‘आज काय केलंस?’ विचारू नकोस, त्याला दिवसाचा गोषवारा देता येत नाही. रडला तर रडू दे. लोळला तर शेजारी बस.

इतर आयांनाही हेच सांगते. निघताना मुलाची नजर चुकवून सटकू नका. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल तुमच्यावर पाळत ठेवायला लागतं. ‘आठ वाजता येते’ याला तीन वर्षांच्या डोक्यात अर्थ नसतो. ‘आजीनं दिवा लावला, तुझं वरणभात झालं की मी आले’ याला असतो. आणि गाडी चुकली तर फोन करून त्यालाच सांगा, फक्त आजीला नाही. आज्यांना हात जोडून विनंती की ‘देवासारखा असतो’ हे वाक्य सुनेच्या कानांवर घालू नका. त्याऐवजी तो दाराशी बसला होता, ते सांगा.

काळजी कधी करायची, हेही सांगायला हवं. आई आली काय, गेली काय, मुलाला काही फरकच पडत नाही. नावानं हाक मारली तरी वळून बघत नाही. तिसरं वर्ष संपत आलं तरी दोन-तीन शब्दांचं वाक्य नाही. किंवा आधी येत असलेले शब्द हरवलेत, असं दिसलं तर ‘आई नोकरीला जाते म्हणून होतंय’ असं मानून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज पडली तर पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. ती सोय मोफत आहे, संकोच करू नका.

मृणाल एकूण आठ वेळा आली. थयथयाट संपला नाही, पण वीस मिनिटांवरून पाच-सात मिनिटांवर आला आणि मुख्य म्हणजे तिला त्याची भीती वाटेनाशी झाली. वाढदिवसाचा व्हिडिओही झाला. त्यात सासूबाईंचे फोटो होते, झोपलेल्या ओजसचे दोन होते, आणि मध्येच देवघरातल्या गणपतीमागून डोकावणारं एक स्टीलचं झाकण. पाहुण्यांना ते काय आहे ते कळलं नाही. तिनं सांगितलंही नाही.

मे महिन्यात तिचा मेसेज आला. ‘मॅडम, आज झाकण त्यानंच आणून लावलं. स्वतःच्या हातानं. पण उलटं. ट्रेनमध्ये सगळी मटकी बॅगेत सांडली, अख्ख्या डब्याला वास.’

खाली तीन हसरे चेहरे होते. डबा म्हणजे लोकलचा की जेवणाचा, ते मी विचारलं नाही.