अलाइनरबरोबर आई पण येईल

शनिवारी दुपारी तिघं आले तेव्हा वडिलांच्या हातात एक पारदर्शक फोल्डर होता आणि त्यात दोन कोटेशनं. दात सरळ करायच्या तारांचं 45 हजार, अलाइनरचं (दातांवर बसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांचं) 1 लाख 60 हजार. मी समुपदेशक, दात हा माझा प्रांत नाही, हे मी फोनवरच सांगितलं होतं. तरी आले, कारण तीन आठवडे याच विषयावरून घरात अबोला होता. नवरा-बायको ताटावर गप्प आणि मुलगी ताट उचलून आपल्या खोलीत.

मुलगी नववीत, वय 14. तिला आपण मुक्ता म्हणू. (त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वरचा डावा सुळा जागा न मिळाल्यामुळे हिरडीत उंच, बाहेरच्या बाजूला आलेला. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. हसताना हात तोंडावर जायचा. तोही तळवा नाही, दोन बोटं आडवी, मिशी धरल्यासारखी.

वडिलांचं म्हणणं एका वाक्यात संपत होतं: "तारा म्हणजे तारा, दीड-दोन वर्षं दिसल्या तर दिसल्या." आईचं म्हणणं एका वाक्यात संपत नव्हतं. मुक्ता वक्तृत्व स्पर्धांना जाते, स्टेजवर उभी राहते. फोटो निघतात. पुढच्या वर्षी दहावी. मुलं चिडवतात. "माझ्याकडे सोन्याची एक बांगडी आहे, ती मोडू," असंही त्या म्हणाल्या. यावर वडिलांनी फोल्डर मिटला.

तारा की अलाइनर हा प्रश्न आता बरेच पालक माझ्याकडे घेऊन येतात. कोणता उपाय लागू पडेल हे ऑर्थोडॉन्टिस्टनं सांगायचं, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त याच विषयाचं एमडीएस केलेल्या डॉक्टरनं. एक्स-रे न काढता, फोनवर फोटो मागवून अलाइनर घरपोच देणाऱ्या जाहिराती दिसतात. आईंनी अशी एक मला दाखवलीसुद्धा. तिथे मात्र मी माझा प्रांत सोडून बोलले. वर अडकलेल्या सुळ्याचं मूळ कुठे आणि कसं आहे, हे सेल्फीत दिसत नाही.

यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढले होते आणि उत्तर सरळ दिलं होतं: दात काढावे लागणार नाहीत, दोन्ही मार्गांनी होईल. पण सुळा खाली ओढून जागेवर बसवणं तारेला सोपं जातं. अलाइनरनं करायचं तर दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतील, कदाचित रबरही लावावे लागतील, आणि शेवटी थोडं राहिलं तर नवीन माप घेऊन आणखी काही अलाइनर. शिवाय रोज 20 ते 22 तास घालायचे. काढायचे ते खायला, प्यायला आणि ब्रश करायला. पाणी चालतं, चहा नाही.

मी तिघांना वेगवेगळं भेटते म्हटलं. वडील पाच मिनिटांत बोलून बाहेर गेले. त्यांच्याकडे खरंच एवढंच होतं, आणि ते चूकही नव्हतं.

आईंना वेळ लागला. आधी मुलीबद्दल बोलत राहिल्या. मग पर्स उघडली, मोबाइल काढला आणि लग्नाच्या अल्बमचा एक फोटो दाखवला. हिरव्या शालूतली मुलगी, मुंडावळ्या, ओठ घट्ट मिटलेले. "पाहायला आले होते ना, तेव्हा मावशी आतून येऊन कानात म्हणाली, हसू नकोस गं. मग सवयच लागली. अख्ख्या अल्बममध्ये एक फोटो नाही दात दिसणारा." एवढं बोलून त्या स्वतःच हसल्या आणि हात तोंडावर गेला. दोन बोटं, आडवी.

मी त्यावर काही बोलले नाही. असं दिसलेलं लगेच बोलून दाखवायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

मुक्ता आत आली ती बॅग मांडीवर घेऊनच. मी विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, आईला अलाइनर हवेत. बाबांना तारा. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती बॅगेच्या चेनशी खेळत म्हणाली, "मला तारा चालतील. आमच्या वर्गात सात जणांना आहेत. दर वेळी रबराचा रंग बदलून मिळतो. पण अलाइनर लावला ना मॅडम, तर त्याच्याबरोबर आई पण येईल."

म्हणजे?

"म्हणजे घातलास का, किती वेळ काढलास, डबीत ठेवलास का, कुठे ठेवलास. शाळेत फोन करेल. तारा लावल्या की विषय संपला. त्या काढताच येत नाहीत."

पालक मला विचारतात की मुलं अलाइनर नीट वापरतील का. ते घालायला लावायचं काम घरात कोणाच्या गळ्यात पडणार, हे मात्र कोणी विचारत नाही. तारा डॉक्टर बसवतो आणि डॉक्टरच काढतो. अलाइनर रोज चार-पाच वेळा मुलाच्या हातात येतो, आणि ज्या घरात अंघोळ, अभ्यास आणि मोबाइल यावरून आधीच दिवसाला चार खटके उडतात, तिथे हा पाचवा. मला तर वाटतं, दीड लाखातला बराचसा भाग त्या खटक्यांवर खर्च होतो.

पण मुक्ता हे टाळण्यासाठी तारा घेत होती, की तिला खरंच त्या हव्या होत्या, हेही बघायला हवं होतं. म्हणून मी तिला एक प्रयोग दिला. चष्म्याची रिकामी डबी आणि कोटाचं एक मोठं बटण. बटण म्हणजे अलाइनर, खिसा म्हणजे तोंड. पंधरा दिवस बटण खिशात ठेवायचं. काहीही तोंडात टाकायच्या आधी ते डबीत. खाऊन, चूळ भरून, ब्रश जमला तर ब्रश करून पुन्हा खिशात. डबीत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ वहीत लिहायची. बावीस तास म्हणजे दिवसाला फक्त दोन तास बटण डबीत. आणि आईंना नियम एकच: विचारायचं नाही. वडिलांना म्हटलं, तुम्ही आईंवर लक्ष ठेवा. ते पहिल्यांदाच हसले.

पंधरा दिवसांनी वही आली. पहिल्या दिवशी सकाळी सात ते रात्री दहात बटण नऊ वेळा आत-बाहेर झालं होतं. दोन पोळ्यांच्या मध्ये एक चकली, अभ्यास करताना शेंगदाणे, आजीनं हातावर ठेवलेला पेढा. "मी इतक्या वेळा खाते हे मला माहीतच नव्हतं," मुक्ता म्हणाली. शाळेच्या छोट्या सुट्टीत नळावर रांग, म्हणून बटण तसंच तासभर डबीत. रविवारी मामाकडे मिसळ खायला गेले तेव्हा डबी गाडीत. स्पर्धेच्या दिवशी तर सलग सहा तास. एक दिवस बरोब्बर दोन तासांच्या आत जमलं होतं. बाकी बहुतेक दिवस साडेतीनच्या पुढे. शेवटून तिसऱ्या दिवसासमोर लिहिलं होतं: "आईनं विचारलं नाही पण भुवई उडवली."

यावरून मी मुक्ताला नापास केलं नाही आणि अलाइनरलाही नाही. बासरी वाजवणारा एक सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. ओठ टेकतात तिथे ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) नको म्हणून त्यानं अलाइनर निवडले आणि ते घड्याळासारखे वापरले. कारण गरज त्याची होती आणि वडिलांनी कधी विचारलंही नाही. दुसऱ्या एका मुलीनं हॉटेलात अलाइनर काढून कागदी रुमालात गुंडाळला, वेटरनं ताटाबरोबर उचलला, आणि मग सगळं कुटुंब मोरीपाशी उष्टं चिवडत उभं. हे इतक्या घरांत घडतं की डॉक्टर पहिल्याच दिवशी रुमालाबद्दल बजावतात.

आईंनी मधला मार्ग सुचवून पाहिला, सिरॅमिकच्या तारा, कमी दिसतात म्हणून. ब्रॅकेट दाताच्या रंगाचे असतात हे खरं. पण त्यांच्यावर पारदर्शक रबर लावले तर आपल्या स्वयंपाकातली हळद त्यांना दोन दिवसांत पिवळं करते. मुक्ता म्हणाली, त्यापेक्षा मी जांभळा रंगच घेईन ना.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे काय विचारायचं, ते आम्ही बसून लिहून काढलं, आणि लिहिलं मुक्तानं. ब्रॅकेट निघाला तर पुन्हा लावायचे वेगळे पैसे का? शेवटचा रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा) याच पैशांत का? तारांनी सुरुवात करून उरलेलं काम अलाइनरनं करता येईल का? आणि तिचा खास प्रश्न: "स, श नीट येतील ना? डिसेंबरात स्पर्धा आहे." डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीत पहिले काही दिवस जीभ अडखळते, मोठ्यानं वाचत राहिलं की बसते. रिटेनरचं ऐकून मात्र वडील दचकले. तारा काढल्यावरही रिटेनर घालावा लागतो, नाहीतर दात हळूहळू जुन्या जागी परत सरकतात. म्हणजे काढता येणारी एक वस्तू सांभाळायची वेळ तारावाल्यांवरही बहुधा येतेच, फक्त ती दीड-दोन वर्षं उशिरा.

ऑगस्टमध्ये तारा लागल्या. पहिले चार दिवस पेज, मऊ भात, दहीबुत्ती. गालाला आतून घासून तोंड आलं, तेव्हा मेणाची गोळी ब्रॅकेटवर कशी चिकटवायची हे तिनं मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं: हात कोरडे, ब्रॅकेट रुमालानं पुसलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढं मेण, बोटानं चपटं. संध्याकाळी बाथरूमच्या आरशासमोर "चटईला टाचणी टोचली" चालायचं. आजीला वाटलं, स्पर्धेचा विषयच तो आहे.

विषय संपला, असं मात्र झालं नाही. तो ब्रशवर आला. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिलं तर तिथे दाताचा थर खराब होतो आणि तारा काढल्यावर पांढरे डाग दिसतात, हे आईंनी डॉक्टरांकडून ऐकलं होतं. मग "ब्रश केलास का?" सुरू झालं. दोघी ऑक्टोबरात पुन्हा माझ्याकडे. या वेळी ठरलं की विचारायचं ते डॉक्टरांनी, महिन्यातून एकदा, घरात नाही. आईंना ते फार जड गेलं. "मग मी करू काय?" त्यांनी खरंच विचारलं. मी म्हटलं, पेरूच्या फोडी करा. अख्खा पेरू, उसाचं कांडं, चिक्की, मक्याचं कणीस हे सगळं दातानं तोडायला बंद होतं. संक्रांतीला तिळगुळाच्या एका कडक वडीनं ब्रॅकेट काढलाच. तो वडी देणाऱ्या काकूंनी सांभाळून ठेवला, आणि मुक्तानं रिकाम्या जागी जीभ फिरवत डॉक्टरांना स्वतः फोन केला.

गेल्या महिन्यात आईंचा फोन आला. आवाज खाली. "माझं वय 43. या वयात दात सरळ होतात का हो?" हिरड्या आणि हाड चांगलं असेल तर होतात, डॉक्टरांना दाखवा, म्हटलं. त्यांनी दाखवलं होतं. अलाइनर चालतील म्हणाले होते. बांगडी मोडायची नव्हती, नवऱ्यानंच हप्ते बघितले होते.

"पण घरात एक अट घातलीय," त्या म्हणाल्या. मुक्तानं जुनी चष्म्याची डबी आणि ते बटण काढून त्यांच्यासमोर ठेवलं होतं. आधी पंधरा दिवस हे सांभाळ.

"मग?"

"तिसऱ्या दिवशी पोळ्यांच्या डब्यात सापडलं."