अंदाज, अनुमान की आकलन?

पुण्यात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, मराठीत प्रबंधिका लिहिताना ‘एस्टिमेट’ (हाती असलेल्या नमुन्याच्या आकड्यांवरून काढलेली संख्या) या संज्ञेसाठी अंदाज, अनुमान, आकलन आणि प्राक्कलन यांपैकी कोणता शब्द वापरावा. ‘अंदाज’ हा शब्द तिला फार घरगुती वाटतो आणि म्हणून तिने तो टाळला आहे. नमुन्यादाखल तिने आपले एक वाक्यही पाठवले आहे : ‘गुलटेकडीच्या बाजारातील रोजचे भाव आणि विक्री यांवरून किमान वर्ग पद्धतीने कांद्याच्या मागणीच्या लवचीकतेचे अनुमान केले असून हे आकलन निष्पक्ष आहे.’ (मागणीची लवचीकता म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याचे माप. किमान वर्ग पद्धत म्हणजे आकड्यांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी रेषा बसवण्याची रीत.)

जो शब्द तिने घरगुती म्हणून बाजूला ठेवला तोच इथे सर्वांत नेमका होता, असे माझे मत आहे. मात्र ते पटण्यासाठी आधी बाकीच्या तिघांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवले पाहिजे.

‘अनुमान’ हा न्यायदर्शनातला एका प्रमाणाचा शब्द आहे. डोंगरावर धूर दिसला आणि जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती ठाऊक असली, की न दिसणाऱ्या अग्नीचे अनुमान होते. त्यात एका विधानावरून दुसऱ्या विधानाकडे जाणे आहे. संख्या काढणे नाही. नमुन्यावरून समष्टीविषयी, म्हणजे नमुना ज्यातून घेतला त्या सगळ्या समूहाविषयी, निष्कर्ष काढण्याच्या संपूर्ण व्यवहाराला, म्हणजे ज्यात गृहीतकांची कसोटीही येते अशा शाखेला, हा शब्द शोभतो, आणि तो तिथेच राखून ठेवावा. ‘आकलन’ या शब्दाच्या संस्कृत मुळात मोजण्याचा अर्थ आहे हे खरे, आणि हिंदी परिभाषेत त्यावरून ‘आकलक’ हा शब्दही रुळला आहे. परंतु ज्याने शाळेत ‘उताऱ्याचे आकलन’ या मथळ्याखालचे प्रश्न सोडवले आहेत, त्या मराठी वाचकाला लवचीकतेचे आकलन म्हणजे लवचीकता समजणे असेच वाटणार. ‘प्राक्कलन’ बांधकाम खात्याचे आहे. त्यातला ‘प्राक्’ सांगतो की काम अजून व्हायचे आहे आणि खर्च आधी मांडला जात आहे. कांद्याचे व्यवहार तर होऊन गेले आहेत.

आता ‘अंदाज’. या शब्दाविषयीची तक्रार अशी असते की तो एकाच वेळी अटकळ, हिशेब आणि भाकीत या तिन्हींसाठी वापरला जातो, त्यामुळे शास्त्रात तो ढिला पडतो. नाम एकटे पाहिले तर ही तक्रार खरी आहे. परंतु मराठीने हा भेद नामात न ठेवता क्रियापदात ठेवला आहे. आपण अंदाज बांधतो तेव्हा हाताशी फारसे काही नसते. अंदाज काढतो तेव्हा आकडे आणि रीत दोन्ही असतात. अंदाज वर्तवतो तो पुढच्या गोष्टीचा असतो. शिवाजीनगरची हवामान कचेरी पावसाचा अंदाज वर्तवते, काढत नाही, आणि वर्तवताना दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के, त्यात अधिक-उणे 5 टक्क्यांची चूक शक्य, असे जोडून सांगते. (अंदाज घेणे, येणे, चुकणे हे आणखी वेगळे, त्यांत शिरत नाही.) तेव्हा ‘एस्टिमेशन’ म्हणजे अंदाज काढणे, आणि जो निघाला तो अंदाज. क्रियापद सांभाळले की घरगुतीपणा उरत नाही.

हा शब्द फारसीतून आला. तिथे ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे, आणि समासाच्या शेवटी येणारा ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तीर फेकणारा तो तिरंदाज आणि तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज, ज्याच्या हाती पुढे आपण क्रिकेटचा चेंडू दिला. हिंदीत ‘नजरअंदाज करना’ म्हणजे दुर्लक्ष करणे, नजरेतून टाकून देणे. मराठी महसुली भाषेत मात्र नजरअंदाज पैसेवारी म्हणजे शेत डोळ्यांनी पाहून ठरवलेली पिकाची प्रतवारी. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा तिलाच आणेवारी म्हणत. एकाच शब्दाचे असे उलट दिशांना गेलेले अर्थ पाहिले की हिंदीतून मजकूर उचलणाऱ्यांची काळजी वाटते.

नजरेवर न विसंबता पिकाचा अंदाज काढण्याचे शास्त्र आपल्याकडे उभे राहिले त्यात संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 मध्ये जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले सुखात्मे 1940च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या नमुना पाहण्या करत होते. त्या वेळी दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बंगालमधील पाहण्यांत लहान तुकडे कापण्याची रीत होती. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा फार लहान असला की उत्पन्नाचा अंदाज जास्त निघतो, कारण कडेवरची रोपे आत घ्यावीत की बाहेर ठेवावीत असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे वळतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. असे तुकडे कितीही वाढवले तरी ही चूक सरासरीत विरून जात नाही, कारण ती एकाच बाजूची आहे. या एकांगी चुकीला मी ‘झुकाव’ म्हणतो. ‘कल’ हा शब्द सोपा होता, पण तो काळानुसार वर किंवा खाली जाणाऱ्या आकड्यांसाठी अर्थशास्त्राने आधीच घेतला आहे.

विद्यार्थिनीच्या वाक्यातील खरी अडचण इथे येते, आणि ती कोणता शब्द निवडावा याहून खोल आहे. समजा, तिच्या गणितातून लवचीकता उणे 0.4 निघाली. उणे 0.4 ही संख्या निष्पक्ष किंवा पक्षपाती असूच शकत नाही. ती लवचीकतेच्या खऱ्या किमतीच्या (किंमत म्हणजे इथे भाव नव्हे, आकडा) जवळ असेल किंवा दूर असेल. निष्पक्षपणा हा ज्या रीतीने ती निघाली त्या रीतीचा गुण आहे : तीच रीत वेगवेगळ्या नमुन्यांवर पुन्हा पुन्हा चालवली असता येणाऱ्या अंदाजांची सरासरी खऱ्या किमतीवर पडते की नाही, एवढेच तो सांगतो. एका बाणावरून तिरंदाजाचा झुकाव ठरत नाही. म्हणून संख्येला ‘अंदाज’ आणि रीतीला, म्हणजे ‘एस्टिमेटर’ला, वेगळे नाव हवे. ‘अंदाजक’ चालेल, गुणक आणि भाजक या माणसांच्या पदव्या नाहीत हे आपण शाळेतच शिकतो. मला ‘अंदाजसूत्र’ अधिक उघड वाटते. फारसीला संस्कृतचे शेपूट जोडले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पुणे महापालिकेचे अंदाजपत्रक आठवावे.

सूत्र आणि संख्या यांतला हा फरक आपल्या एका जुन्या वाक्प्रचारात फार गमतीने दडला आहे. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ असे आपण ठोकून दिलेल्या हिशेबाला म्हणतो. मूळ पाढा ‘बावीस पंचे दाहोदरसे’, म्हणजे 110. बावीसच्या जागी अंदाज घातला तरी उत्तर तेच! संख्याशास्त्राच्या दृष्टीने हेदेखील एक अंदाजसूत्रच आहे : नमुना कोणताही आणा, उत्तर 110. त्याच्या उत्तरांत तसूभरही विखुरणी नाही आणि तरीही, खरी किंमत योगायोगाने 110 असल्याखेरीज, झुकाव कायमचा आहे. अंदाज दर वेळी सारखाच येतो म्हणून तो भरवशाचा, असे मानणाऱ्यांना मी हे उदाहरण देत असतो.

राहिला तिच्या वाक्यातला आशय. बाजारात भाव आणि विक्री एकमेकांना ठरवतात. आवक घटली की भाव चढतो, आणि गिऱ्हाईक वाढले तरीही भाव चढतो. पहिल्या वेळी विक्री कमी असते आणि दुसऱ्या वेळी जास्त. दोन्ही प्रकारचे दिवस एकत्र करून रेषा बसवली तर ती ना मागणीची असते ना पुरवठ्याची, आणि वर्षभराऐवजी दहा वर्षांचे भाव घेतले तरी हा झुकाव जात नाही. त्यासाठी असे तिसरे चल, म्हणजे बदलती राशी, लागते जे पुरवठा हलवते पण ग्राहकाच्या पसंतीला हात लावत नाही, उदाहरणार्थ कांदा पिकणाऱ्या तालुक्यांत मागच्या हंगामात झालेली गारपीट. ही युक्ती अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फिलिप राइट यांच्या 1928च्या तेलांवरील जकातीविषयीच्या पुस्तकाच्या परिशिष्टात प्रथम दिसते. तिच्यातल्या चलाला ‘साधनचल’ म्हणावे. ‘किमान वर्ग’ या नावाविषयीही एक सूचना आहे : ते ऐकून हजेरीपटाची आठवण होते, म्हणून ‘किमान वर्गबेरीज’ लिहावे.

या सुधारणांनंतर तिचे वाक्य मी असे लिहीन : ‘गुलटेकडीच्या बाजारातील रोजचे भाव आणि विक्री यांवरून कांद्याच्या मागणीच्या लवचीकतेचा अंदाज काढला असून, भाव आणि विक्री एकमेकांना ठरवत असल्यामुळे किमान वर्गबेरजेचे अंदाजसूत्र येथे झुकते, म्हणून गारपीट हे साधनचल घेतले आहे.’ ‘निष्पक्ष’ हा शब्द मी मुद्दाम गाळला आहे, कारण साधनचलाचे सूत्रही मर्यादित नमुन्यात काटेकोरपणे निष्पक्ष नसते. नमुना वाढत जाईल तसे ते खऱ्या किमतीजवळ सरकते, इतकेच त्याच्याविषयी म्हणता येते.