आमच्यानंतर याचं कसं?

बाईंनी निवासी संस्थांची यादी माझ्या टेबलावर ठेवली. "यातली चांगली कुठली, तेवढं सांगा. आम्ही दोघंही साठीला आलो." बौद्धिक अक्षमता असलेला त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा बाहेर बाकावर पाय हलवत बसला होता. असे पालक कारण काहीही सांगून येवोत, तासाभरात गाडी या प्रश्नावर येतेच.

सुरुवातीला मीही पत्ते देऊन मोकळी व्हायचे. आता आधी विचारते, "तुमच्यासारखे किती पालक ओळखीचे आहेत?"

बाई गप्प. बावीस वर्षांत एकही नाही.

मग मी त्यांना ज्युडी फ्रिडबद्दल सांगितलं. इंग्लंडमध्ये तेव्हा अशा मुलांवर 'शिकवण्याजोगं नाही' असा सरकारी शिक्का बसला की शाळेचं दार बंद. ज्युडीची मुलगीही अशीच. १९४६ मध्ये तिनं बालसंगोपनाच्या एका मासिकात पत्र लिहिलं: अशा मुलांच्या पालकांनी मला कळवावं. रागानं, दुःखानं भरलेली उत्तरं आली आणि पालकांची संघटना उभी राहिली. तीच आजची 'मेनकॅप'. न्यूझीलंडमध्ये १९४९ ला, अमेरिकेत १९५० ला पालक असेच एकत्र आले. १९५८ मध्ये ज्युडीच्या संघटनेनं ब्रुकलँड्सचा प्रयोग केला. रुग्णालयात वाढणाऱ्या काही मुलांना एका छोट्या, घरासारख्या जागी ठेवून बालवाडीसारखं शिकवलं. दोन वर्षांत त्यांचं बोलणं-वागणं रुग्णालयातल्या मुलांपेक्षा कितीतरी सुधारलं. शिक्का पुसणारा कायदा मात्र १९७० मध्ये आला.

बाईंनी मनात हिशोब केला. "तोवर तिची मुलगी मोठी झाली असेल. तिला काय मिळालं?"

चटकन उत्तर सुचलं नाही. पत्राला उत्तरं मात्र लगेच आली होती, एवढंच म्हटलं.

यादी फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण संस्था कितीही चांगली असो, तुमच्या माघारी तिथे न सांगता डोकावणारं, 'हा बारीक का झाला?' असं विचारणारं कुणीतरी लागतं. ते काम एकट्या भावंडांवर टाकू नये. एकमेकांची मुलं ओळखणारी चार घरं ते करू शकतात.

पुढच्या भेटीत बाईंनी थेरपी सेंटरच्या फलकासाठी चिठ्ठी लिहून आणली. शेवटी 'तसदीबद्दल क्षमस्व'. तेवढी ओळ मी खोडायला लावली.

तीन फोन आले. एक वडील बराच वेळ नुसते हं-हं करत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मुलाची दाढी कोण करतं?"