कस्टम्सने दंड लावला तर भरून मोकळं व्हावं की अपील करावं?

तुम्ही लिहिलंय की माल सुटलाय, दंड भरलाय, आता अपील करून काही मिळतं का? मिळतं. करा.

आमचं कुपवाड एमआयडीसीत मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. तैवानवरून मशिन मागवलं, सोबतच्या पेटीत टूल होल्डर होते. इन्व्हॉइसवर होते, पॅकिंग लिस्टवर होते, बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टम्सला द्यायचं आयातीचं घोषणापत्र) मात्र सीएचएकडून, म्हणजे आमच्या कस्टम्स एजंटकडून, ती ओळच राहिली. न्हावा शेव्याला पेटी उघडली आणि माल लपवल्याचा ठपका आमच्यावर. तिकडे डिमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचं भाडं) रोज चढतंय, इकडे जॉब अडकलेले. सीएचएने सहीसाठी कागद पुढे केला, त्यात लिहिलेलं: आम्हाला नोटीस नको, सुनावणी नको. भागीदार असलेले माझे दाजी म्हणाले, "कर सही, बँकेचा हप्ता सुरू झालाय." मी केली. ती सही आजही सलते. आपली बाजू कागदावर आणायची पहिली संधी मी स्वतःच घालवली, आणि आदेशात आलं की आयातदाराने चूक कबूल केली. माल सोडवायचे ६० हजार, वर दंड ४० हजार.

फरकाची ड्युटी लागूच होती, ती भरली. बाकीचे पैसे भरताना मात्र 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे मान्य नसताना भरतोय, असं पत्र दिलं आणि लेखी आदेशाची प्रत हातात घेतली. तुम्हीही घ्या. कमिशनर (अपील)कडे जायला आदेश मिळाल्यापासून ६० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ३०. त्यानंतर तेही काही करू शकत नाहीत. अपिलाआधी वादातल्या रकमेच्या साडेसात टक्के भरावे लागतात, पण तुमचे भरलेले आहेत, तो प्रश्न नाही.

चौदा महिन्यांनी आमचा दंड रद्द झाला, सोडवणुकीची रक्कम निम्मी झाली. दाजी अजून म्हणतात, एवढ्यासाठी मुंबईच्या चार फेऱ्या? हो, एवढ्यासाठीच. जे लपवलं नाही ते लपवलं म्हणून आमच्या फर्मच्या नावावर राहिलं असतं.

किंमत खरंच कमी दाखवली असेल तर मात्र भांडू नका. कस्टम्स कायद्याच्या कलम २८ ची (कमी भरलेल्या ड्युटीची) नोटीस आल्यावर ३० दिवसांत ड्युटी, व्याज आणि १५ टक्के दंड भरला की तेवढ्यावर मिटतं. आदेशापर्यंत थांबलात तर दंड ड्युटीइतका. तोही आदेशानंतर ३० दिवसांत सगळं भरलं तरच चौथाईवर येतो. सेटलमेंट कमिशनचं (असे वाद तडजोडीने मिटवणारी सरकारी संस्था) कुणी सांगितलं तर १ एप्रिल २०२५ पासून तिथे नवीन अर्ज घेत नाहीत.

आणि दाजी, हे वाचाल म्हणून लिहितो. जप्त माल बाँड देऊन तात्पुरता सोडवता येतो, कलम ११०अ त्यासाठीच आहे. मशिन कुपवाडला आलं असतं आणि नोटिशीला उत्तरही देता आलं असतं. त्या सहीची गरज नव्हती.