‘मकरेकिंग’ म्हणजे चिखलफेक नव्हे

भाषांतराला नुकतीच सुरुवात केली आहेस, म्हणून एक शब्द आताच नीट समजून घे. ‘मकरेकिंग’ हा इंग्रजी शब्द, म्हणजे पत्रकारांनी गैरव्यवहार खणून उघड करणं. तो दिसला की नवखी मंडळी ‘चिखलफेक’ लिहून मोकळी होतात. अर्थ पार उलटा होतो! चिखलफेकीला पुरावा लागत नाही. मकरेकिंग पुराव्यावरच उभं असतं.

‘मक’ म्हणजे शेण, घाण. ‘रेक’ म्हणजे आपलं दंताळं. इंग्रज लेखक जॉन बनियनच्या सतराव्या शतकातल्या रूपककथेत एक माणूस दंताळ्याने घाण ओढत बसतो. डोक्यावर कुणी स्वर्गीय मुकुट धरलाय, तरी हा मान वर करत नाही. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हेच चित्र पत्रकारांना लावलं. अशी माणसं समाजाला हवीतच, पण थांबायचं कुठे ते त्यांना कळावं, असा त्यांचा सूर होता. म्हणजे शब्द आला तो टोमणा म्हणून. पत्रकारांनी मात्र पुढे तो अभिमानाने मिरवला. अमेरिकी पत्रकार आयडा टार्बेलचंच बघ. १९०२ पासून तिने कागदपत्रं धुंडाळून स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे व्यवहार मासिकातून उघड केले. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडायला लावली. मला या बाईंबद्दल फार आदर आहे.

मराठीत संदर्भ बघून लिही. कौतुकाचा सूर असेल तर ‘शोधपत्रकारिता’ किंवा ‘बिंग फोडणं’. आजच्या ब्रिटिश लिखाणात मात्र हा शब्द बऱ्याचदा हिणवण्यासाठी येतो. तिथे ‘कुलंगडी उकरणं’ चपखल बसतं.